ओपन सोर्सच्या दारात उभी असलेली आपली मुले

हैदराबादेतल्या ज्या मराठी घरांत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला मूल आहे, त्या घरांत ‘ओपन सोर्समध्ये कॉन्ट्रिब्यूट करतोय’ हे वाक्य एव्हाना कानावरून गेले असेल. काचीगुडा-सुलतानबाजारची जुनी घरे सोडून गच्चीबावली-कोंडापूरला राहायला गेलेल्या कुटुंबांत तर ते नेहमीचेच झाले आहे. आईवडिलांना त्यातले एवढेच कळते की रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप चालू असतो, पैसे कोणी देत नाही, पण नोकरीच्या मुलाखतीत त्याविषयी विचारतात. हे काम नेमके काय असते आणि गेल्या वर्षा-दोन वर्षांत त्याच्या दारात एवढी गर्दी आणि एवढी कटुता कशामुळे झाली, हे सभासदांपुढे मांडावे असे आम्हांला वाटले. कारण त्या गर्दीत आपली मुले बरीच आहेत. गिटहब हे अशा कामाचे जगातले सर्वांत मोठे ठिकाण. त्यांच्याच 2025 च्या वार्षिक अहवालानुसार त्या वर्षी जगभरातून 3 कोटी 60 लाख नवे लोक तिथे दाखल झाले आणि त्यांतले 50 लाखांहून अधिक एकट्या भारतातले होते.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओपन सोर्स म्हणजे ज्या प्रोग्रॅमचा मूळ कोड सर्वांना वाचता येतो, बदलता येतो आणि केलेला बदल मूळ कर्त्यांकडे परत देऊ करता येतो, असे सॉफ्टवेअर. आपल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात असलेला लिनक्स हा त्याचाच नमुना. बदल देऊ करण्याला ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणतात. ती तपासून घ्यायची की नाकारायची हे ठरवणारा तो मेंटेनर. मोठ्या प्रकल्पांचे काही मेंटेनर कंपन्यांच्या पगारावर असतात. पण बाकीचे कितीतरी जण दिवसा दुसरी नोकरी करून रात्री हे काम बघतात.

नवा माणूस या जगात शिरतो तो लहानशा कामातून. बऱ्याच प्रकल्पांच्या कामांच्या यादीत काही कामांवर ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी चिठ्ठी लावलेली असते. ही चिठ्ठी फार विचार करून लावलेली असते. जे काम जाणता माणूस पंधरा मिनिटांत उरकेल, ते तो मुद्दाम करत नाही. नवख्यासाठी राखून ठेवतो. नवखा त्यावर तीन संध्याकाळी घालवतो. आधी प्रोग्रॅम आपल्या मशीनवर चालवताना अडतो, मग चुकीच्या फाइलमध्ये बदल करतो, मग त्याला कोणीतरी दोन ओळींत वाट दाखवते. त्याचे काम तपासायला मेंटेनरचा एक तास जातो. म्हणजे हिशेब केला तर व्यवहार सरळ तोट्याचा. तरीही तो केला जातो, कारण मेंटेनरला त्या दुरुस्तीची घाई नसते. चार-पाच वर्षांनी आपल्या शेजारी बसून काम ओढणारा माणूस त्याला हवा असतो. आज जे मेंटेनर आहेत त्यांतले बहुतेक अशाच एखाद्या लहान दुरुस्तीतून आत आले.

हे लक्षात ठेवले तर फेब्रुवारी 2026 मध्ये मॅटप्लॉटलिबच्या प्रकल्पात जे घडले त्याचा अर्थ लागतो. मॅटप्लॉटलिब म्हणजे पायथन भाषेत आलेख काढण्याचे साधन. जॉन हंटर या मेंदू-अभ्यासकाने ते स्वतःच्या संशोधनासाठी लिहायला घेतले. 2012 मध्ये तो वारला, पण पुढे स्वयंसेवकांनी ते चालू ठेवले. आपल्या मुलांनी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये काढलेले निम्मे आलेख बहुधा त्याचेच असतील. या प्रकल्पात वेग वाढवण्याचे एक लहान काम नवख्यांसाठी राखून ठेवलेले होते. ते एका एआय एजंटने, म्हणजे आपणहून काम शोधत फिरणाऱ्या प्रोग्रॅमने, उचलले आणि पुल रिक्वेस्ट पाठवली. हे काम शिकणाऱ्या माणसासाठी आहे, असे सांगून स्वयंसेवक मेंटेनरने ती बंद केली. त्यावर त्या एजंटने चक्क एक लेख लिहून प्रसिद्ध केला. त्यात मेंटेनरचे नाव घेऊन तो दारावर बसून इतरांना अडवतो, त्याला स्वतःचे स्थान जाण्याची भीती वाटते, असे आरोप होते.

बातमी म्हणून यात गंमत वाटली, लोक हसले. आम्हांला त्यातला युक्तिवाद जास्त महत्त्वाचा वाटतो. एजंटाचे म्हणणे असे की माझा कोड वेगवान आहे, मग तो कोणी लिहिला याच्याशी तुम्हांला काय करायचे? वरवर पाहता बिनतोड वाटणारा प्रश्न. पण राखून ठेवलेले काम हे मुळी वेगासाठी नव्हतेच. गाणे शिकायला आलेल्या मुलीला गुरू पलटे घोटायला लावतो, तेव्हा ते पलटे रेकॉर्डवर जास्त सुरेल वाजतात असे सांगून कोणी रेकॉर्ड लावून दिली, तर शिकवणीचे काय झाले? इथे तसेच झाले आहे. शिकण्यासाठी म्हणून जी कामे मोकळी ठेवली होती, नेमकी तीच यंत्राला सर्वांत सोपी जातात.

सगळा दोष यंत्रावर टाकून मात्र चालणार नाही. दारातली ही गर्दी एआयच्या आधीपासूनची आहे, आणि तिच्यात आपल्या देशाचा वाटा नाव घेण्यासारखा आहे. ‘हॅक्टोबरफेस्ट’ हा उपक्रम 2014 पासून चालतो; 2020 मध्ये ऑक्टोबर महिन्यात चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला त्यात टी-शर्ट मिळे. त्या वर्षी त्यावरचे व्हिडिओ पाहून हजारो जणांनी ओळखदेख नसलेल्या प्रकल्पांच्या माहितीपत्रकात ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ यांसारखे दोन शब्द घुसडून टी-शर्टचा हिशेब पुरा करायला सुरुवात केली. आयोजकांना तीन-चार दिवसांतच नियम बदलावे लागले. ज्या प्रकल्पाने स्वतःहून होकार दिला असेल तिथलेच योगदान धरायचे, असे ठरले. 2024 च्या सुरुवातीला एक्सप्रेस या प्रसिद्ध प्रकल्पावर अशीच धाड आली. पुल रिक्वेस्ट कशी पाठवावी हे शिकवणाऱ्या एका हिंदी व्हिडिओत उदाहरण म्हणून तो प्रकल्प दाखवला होता. मुलांनी शिकवले ते तंतोतंत केले, म्हणजे प्रकल्पाच्या पहिल्या पानावर स्वतःचे नाव लिहून पाठवले. असे शेकडो.

त्या मुलांना दुष्ट म्हणता येत नाही. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते की पलीकडे माणूस बसलेला आहे. प्लेसमेंटच्या आधी गिटहबवरचे हिरवे चौकोन वाढव, असा सल्ला सिनियर देतात, क्लासवाले देतात, क्वचित घरातलेही देतात. तो चौकोन हिरवा करताना दुसऱ्या कोणाचा तरी अर्धा तास जळतो, हे त्या सल्ल्यात नसते. गुगल समर ऑफ कोड या 2005 पासूनच्या योजनेत दरवर्षी 1200 च्या आसपास जणांची निवड होते आणि त्यांत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. ही चांगली गोष्ट आहे, अभिमानाची आहे. पण अर्ज करण्याआधी काहीतरी योगदान दाखवायचे म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या प्रकल्पांवर जो लोंढा येतो, तो निवड झाली नाही की एप्रिलअखेर ओसरतो. मेंटेनरांना हे पाठ झाले आहे.

एआय आल्यावर या लोंढ्याचा खर्चच नाहीसा झाला. पूर्वी वाईट पुल रिक्वेस्ट पाठवायलाही निदान दहा मिनिटे लागत. आता पाठवणाऱ्याला दहा सेकंद पुरतात, तपासणाऱ्याचा तास मात्र तासच राहिला आहे. कर्ल हे याचे ठळक उदाहरण. स्वीडनमधल्या डॅनियल स्टेनबर्ग यांचे हे साधन फोनपासून मोटारींपर्यंत अब्जावधी उपकरणांत आहे. त्यातली सुरक्षेची खोट दाखवणाऱ्याला 2019 पासून रोख बक्षीस मिळे. 2025 च्या मध्यास स्टेनबर्ग यांनी सांगितले की त्या वर्षी आलेल्या अहवालांपैकी जेमतेम 5 टक्के खरे निघाले. बाकीच्यांत एआयकडून लिहून घेतलेली, दिसायला भारदस्त आणि आतून पोकळ अशी बरीच प्रकरणे होती. ती तपासायला माणसे सात. अखेर जानेवारी 2026 संपताना बक्षीस बंद करण्यात आले. याच कर्लला 2025 च्या शरदात एका जाणत्या संशोधकाने एआयच्या मदतीने शोधलेल्या खोटींची यादी दिली आणि तिच्यातून पन्नासएक खऱ्या दुरुस्त्या झाल्या, तेव्हा स्टेनबर्ग यांनी तिचे मोकळेपणाने कौतुकही केले होते. तेव्हा यंत्र वापरले की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. पाठवणाऱ्याला आपण काय पाठवतो हे कळते का, एवढेच बघायचे.

यातून दारे बंद होऊ लागली आहेत. टीएलड्रॉ या चित्रफलकाच्या प्रकल्पाने जानेवारी 2026 मध्ये बाहेरून येणाऱ्या पुल रिक्वेस्ट सरसकट बंद करण्याचे जाहीर केले. गिटहबनेही प्रकल्पांना तसे करण्याची कळ उपलब्ध करून दिली. घोस्टी नावाच्या प्रकल्पाने आधी एआय वापरला असेल तर तसे सांगा असा नियम केला. मग जामीन मागण्याची पद्धत आणली, म्हणजे आतल्या कोणीतरी तुमच्याविषयी ‘हा भरवशाचा’ असे म्हटल्याशिवाय तुमचे काम पाहिलेच जाणार नाही.

मेंटेनरांची बाजू आम्हांला समजते. त्यांना भरवशाविषयी सावध व्हायला आणखी एक कारण मिळाले होते. एक्सझेड युटिल्स हे फाइली दाबून लहान करणारे साधे साधन जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रणेत असते. ते लासे कॉलिन हा फिनलंडमधला एकटा माणूस बिनपगारी सांभाळत होता. ‘जिया टॅन’ नावाने एक मदतनीस 2021 पासून आला, नम्रपणे चांगले काम करत राहिला. त्याच सुमारास इतर काही नावांनी कॉलिनवर दबाव येऊ लागला की काम रेंगाळते आहे, दुसऱ्याला सूत्रे द्या. त्यांतल्या एकाने तर भारतीय वाटणारे नाव घेतले होते. आपली मानसिक प्रकृती बरी नाही, हा छंद म्हणून चालवलेला प्रकल्प आहे, असे कॉलिनने 2022 मध्ये लिहिले होते. शेवटी मदतनिसाला अधिकार मिळाले आणि 2024 च्या सुरुवातीला त्याने त्यात चोरदरवाजा बसवला. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा छडा लावत बसलेल्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला मार्च 2024 अखेर तो सापडला, म्हणून अनर्थ टळला.

या प्रकरणाचा अर्थ ‘नव्यावर विश्वास ठेवू नका’ असा अनेकांनी लावला. आमचे मत वेगळे आहे. कॉलिनच्या जवळ तीन-चार खरे सोबती असते, वर्षानुवर्षे शिकवून तयार केलेले, तर अनोळखी मदतनिसापुढे तो इतका हतबल झाला नसता. ज्या प्रकल्पाने नवे लोक घडवले नाहीत, त्याच्यावर शेवटी आलेल्या पहिल्या माणसाच्या हाती किल्ल्या द्यायची वेळ येते. आपल्याकडच्या संस्थांचा इतिहास पाहणाऱ्यांना हे समजवायला नको.

दार घट्ट लावल्याने काय होते, याचा एक जुना दाखला आहे. विकिपीडिया हे सॉफ्टवेअर नव्हे, पण चालते याच पद्धतीने. इंग्रजी विकिपीडियावर 2007 मध्ये नियमित लिहिणाऱ्या संपादकांची संख्या 51 हजारांच्या आसपास पोचली होती. 2013 पर्यंत ती 31 हजारांवर आली. अभ्यासकांनी कारण शोधले तेव्हा असे दिसले की खोडसाळ संपादने रोखण्यासाठी जी अर्धस्वयंचलित साधने आणली गेली, त्यांनी प्रामाणिक नवख्यांचे पहिले लिखाणही झटक्यात उडवले. सोबत माणसाचा एक शब्दही नाही, नुसती ठोकळेबाज सूचना. ते नवखे परत आले नाहीत. पुढे 2012 मध्ये ‘टीहाउस’ नावाचे पान सुरू झाले, जिथे नवख्याने कसलाही प्रश्न विचारावा आणि माणसाने माणसासारखे उत्तर द्यावे. तिथे ज्यांना बोलावले गेले ते इतरांपेक्षा जास्त टिकले, हे मोजून पाहिले गेले आहे. आपला मराठी विकिपीडिया 1 मे 2003 ला सुरू झाला. तिथे अशा पानाचे नाव ‘चावडी’ आहे. नाव तरी इंग्रजीपेक्षा सरस आहे.

म्हणून जामिनाच्या पद्धतीविषयी आम्हांला काळजी वाटते. जामीन म्हणजे ओळख. ज्याच्या कॉलेजात आधीच दोन जण त्या प्रकल्पात आहेत, ज्याला बंगळूरच्या परिषदांना जाता येते, ज्याचे काका अमेरिकेत त्याच कंपनीत आहेत, त्याला ओळख मिळेल. नांदेडहून किंवा बिदरहून इथे शिकायला आलेल्या, घरात पहिल्यांदाच इंजिनिअर होणाऱ्या मुलीला ती कुठून मिळणार? मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता तेव्हा शिक्षणासाठी इथे येणाऱ्या मुलांना कोणाच्या तरी ओळखीच्या घराचा, वाराने जेवणाचा आधार शोधावा लागे. तो ज्यांना मिळाला नाही त्यांची नावे आपल्या आठवणींत नाहीत, एवढेच. ओपन सोर्सचे वैशिष्ट्य हे होते की तिथे ओळखीशिवाय शिरता येई. तुम्ही कोण, कुठले, हे कोणी विचारत नसे, काम बघत. ते गेले तर मोठी गोष्ट गेली.

मग मेंटेनरांनी करावे काय? स्वागताचे फलक लावून काही होत नाही, हे एव्हाना सिद्ध झाले आहे. नादिया एग्बल यांनी 2020 च्या ‘वर्किंग इन पब्लिक’ या पुस्तकात मांडले होते की या क्षेत्रात तुटवडा कोडचा नसून मेंटेनरच्या लक्षाचा आहे. तो तुटवडा पैशाने काही अंशी भरून निघतो. आउटरीची ही योजना एरवी मागे राहणाऱ्या गटांतल्या उमेदवारांना तीन महिन्यांच्या कामाचे 7000 डॉलर देते. पण तिची खरी ताकद दुसरीकडे आहे. अर्जाच्या काळातच प्रत्येक कामासाठी नेमलेला मार्गदर्शक असतो आणि उत्तर देणे हे त्याचे ठरलेले काम असते. जर्मनीत 2022 पासून सरकारी पैशातून अशा पायाभूत प्रकल्पांना मदत होते, कर्ललाही झाली. आपल्याकडे झिरोधाने ऑक्टोबर 2024 मध्ये वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंतचा फ्लॉस फंड जाहीर केला. चांगली सुरुवात आहे. पण हायटेक सिटीतल्या काचेच्या इमारतींत हे फुकटचे सॉफ्टवेअर वापरून जेवढा धंदा होतो, त्या मानाने ही रक्कम किरकोळच म्हणायची. आपले जे सभासद त्या कंपन्यांत वरच्या जागांवर आहेत, त्यांनी आपल्या माणसांना आठवड्यातला अर्धा दिवस दुसऱ्यांचे काम तपासण्यासाठी दिला, तर तो देणगीच्या धनादेशापेक्षा जास्त उपयोगी पडेल असे आम्हांला वाटते. लिहिणारे पुष्कळ झाले आहेत, तपासणारे हवेत.

आणि मुलांनी? जे साधन रोज वापरता तेच निवडा. पहिले दोन आठवडे काही पाठवू नका. इतरांच्या पुल रिक्वेस्टवर काय बोलणे होते ते वाचा. कोणी कळवलेला बग आपल्या मशीनवर तसाच होतो का हे करून बघा आणि कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या पायऱ्यांनी झाला ते लिहा. हे काम कोणाला नको असते, म्हणून ते करणारा लगेच लक्षात राहतो. एआय वापरला तर तसे सांगा, आणि ‘ही ओळ का?’ असे विचारल्यावर स्वतःच्या शब्दांत उत्तर देता येणार नसेल तर ती ओळ पाठवू नका.

एक दार तर मराठी माणसाशिवाय कोणाला नीट उघडताच येणार नाही. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांचे आकार हिंदीपेक्षा वेगळे. फॉन्टमध्ये मराठीसाठी ते निराळे देण्याची सोय असते, पण बऱ्याच ठिकाणी ती वापरलेलीच नसते आणि तपासायला मराठी डोळा नसतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक यंत्रावर नीट उमटतो की नाही, हे दिल्लीत किंवा बर्लिनमध्ये बसलेल्याला कसे कळावे? फायरफॉक्ससारख्या प्रोग्रॅमच्या मराठी भाषांतरात कोणालाही शब्द सुचवता येतो, पण तो जाणत्याने मान्य करावा लागतो, आणि जाणते थोडे आहेत. मोझिलाच्याच कॉमन व्हॉइस या 2017 पासूनच्या उपक्रमात मराठी वाक्ये वाचून आवाज देता येतो आणि दुसऱ्यांनी वाचलेली वाक्ये ऐकून तपासताही येतात. बोलणारी यंत्रे पुढे असल्या आवाजांवर घडतात. त्यांत पुण्याची मराठी येईलच. आपली हैदराबादी मराठी, उर्दू-तेलुगूच्या शेजाराने वळण घेतलेली, आपणच दिली तर येईल.

या कामाला इंजिनिअर असावे लागत नाही. आपल्या मंडळात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका आहेत, शुद्धलेखनावरून कार्यक्रमपत्रिका तीनदा परत पाठवणारे ज्येष्ठ आहेत. तपासणाऱ्यांची उणीव ती हीच. एखाद्या रविवारी सकाळी वाचनालयात चार लॅपटॉप मांडून, शेजारी मुलांना बसवून ही जोडी जमवता येईल का, हा विषय आम्ही कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहोत. कोणाला यायचे असल्यास ग्रंथपालांकडे नाव द्यावे. लॅपटॉपवर मराठी टंकलेखनाची सोय आधी करून आणावी, पहिल्या दिवशी निम्मा वेळ त्यातच जातो.